मखमलीचा कोपरा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. मी कुणाच्या गळ्यात मारायला बसलेलो नाही.

एवढंच सांगतो, जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण. आणि शेवटी जे झालं ते मी स्वतः समोर उभा राहून पाहिलं. मी औषधांच्या दुकानात काम करतो. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावता लावता माणसाचा भुताखेतांवरचा विश्वास उडतो. माझाही उडाला होता.

आणि हो, काळोखी रात्र, कुत्र्यांचं रडणं असलं काही ऐकायला आला असाल तर चुकलात.

हे सगळं भर दुपारी घडलं. बाराच्या ठोक्याला. लख्ख उन्हात...

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत दक्षिणेला एक मोठी खिडकी आणि खिडकीखाली मावशीचं कापड बेतायचं लांब टेबल. मावशी पडदे शिवायची. काका बहीण शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून त्या टेबलावरच दोघींचं पोट चाललं.

बहिणीला घरात सगळे टाचणी म्हणतात. अंगानं तशीच आणि बोलणंही तसंच, टोचणारं. इंटिरियर डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला होती.

आता मावशीच्या डोळ्यांचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. डाव्यात मधोमध डाग पडला. घड्याळाकडे बघितलं की तिला कडेचे आकडे दिसायचे, काटे दिसायचे नाहीत. माणसाकडे बघितलं की केस दिसायचे, कान दिसायचे आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट गोळा. शिवण बंद पडली. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ.

मावशी मोठी थट्टेखोर बाई. टाचणीला म्हणायची, "तुझे कान बाकी झकास आहेत हो. मधलं काय आहे ते आठवून घेते."

टाचणी हसायची. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती, की आईला आहे तेवढंही दिसेनासं होईल.

त्या वर्षी कॉलेजात टाचणीला अभ्यासाचं काम दिलं होतं, एक खोली, एक माणूस, दिवसाची एक वेळ. खोलीचं मॉडेल करायचं, खऱ्याच्या दहापट लहान. भिंतीला, जमिनीला, खिडकीला वेगवेगळ्या वस्तू लावून बघायच्या आणि कुठली वस्तू उजेडाचं काय करते ते शोधायचं. एका भिंतीला डोळ्याच्या उंचीवर भोक ठेवायचं. त्याला डोळा लावला की आपण त्या खोलीत उभे आहोत असं वाटतं. फोटोही तिथूनच घ्यायचे.

टाचणीनं माणूस निवडला तो आईच. वेळ निवडली दुपारी बाराची.

पोरीनं जीव ओतला त्यात. जमिनीला कॉर्क लावला, चमकू नये म्हणून. खिडकीला बटर पेपर, ऊन मऊ व्हावं म्हणून. दाराच्या चौकटीला जाड गडद कड, आईला धडपडायला नको म्हणून. आणि एका कोपऱ्याला आतून काळी मखमल चिकटवली, मावशीच्या चिंध्यांच्या टोपलीतली. मखमल उजेड गिळून टाकते. तिच्यापुढे फिकट रंगाची खुर्ची ठेवली की कमी दिसणाऱ्या माणसालाही ती उठून दिसते. डोकं चालतं हो तिचं, मी नाही म्हणत नाही.

पण एक घोडचूक केली.

त्यांच्या मॅडमचा नियम होता. आधी अख्खी खोली पांढरी करायची, काहीही न लावता. बारा वाजता भोकातून तिचा फोटो घ्यायचा. मग एकेक वस्तू बदलायची आणि दर वेळी त्याच वेळेला पुन्हा फोटो. कशामुळे काय बदललं ते तेव्हाच कळतं.

टाचणीनं पांढऱ्या खोलीचा फोटो काढलाच नाही. नऊ दिवस उरले होते. "पांढऱ्या खोलीत डोंबल दिसणार आहे," म्हणाली आणि थेट मखमल चिकटवली.

त्यामुळे तो कोपरा मखमलीमुळे काळा होता, की आधीपासूनच... हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

मॉडेल पुरं झालं त्या दुपारी तिनं ते टेबलावर ठेवलं. उन्हाकडे खिडकी, आपल्याकडे भोक.

"आई, ये ना. डोळा लाव इथे."

"मला काय दिसणार त्यात, कप्पाळ?"

"तुझीच खोली आहे. बघ तरी."

मावशी चाचपडत आली. टेबलाला धरून वाकली. डावा डोळा भोकाला लावला.

एक मिनिट गेलं...

दोन मिनिटं...

"टाचणे," मावशी हळूच म्हणाली, "या खुर्चीचा मागचा पाय आखूड झालाय गं."

टाचणीनं छत उचलून खुर्ची काढली. पट्टी लावली. मागचा उजवा पाय एक मिलिमीटर आखूड होता. तिच्या स्वतःच्या धडधाकट डोळ्यांना तो दिसला नव्हता.

तिनं टोपलीतलं एक बटण उचललं आणि आईला न सांगता आत ठेवलं.

"आता?"

"बटण आहे. चार भोकांचं. एका भोकात निळा दोरा अडकलाय."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग हसल्या. मग पुन्हा रडल्या. मला दुकानात फोन आला, टाचणी नुसती किंचाळत होती, "दादा, आईला दिसतंय! आत दिसतंय!" मी म्हटलं, आत म्हणजे कुठे? तिचं तिलाच सांगता येईना. भोकातून डोळा काढला की सगळं पहिल्यासारखं. धुरकट गोळा. आत मात्र सुईचं नेढंही दिसेल इतकं स्वच्छ.

फोन ठेवता ठेवता मागून मावशीचा आवाज आला. सहज विचारल्यासारखा.

"ती बाई कशाला गं बसवलीस कोपऱ्यात?"

टाचणीनं आत कुठलीच बाई ठेवली नव्हती.

मॉडेलमध्ये पुठ्ठ्याची माणसं ठेवतात, आकाराचा अंदाज यावा म्हणून. तिनं ती अजून कापलीसुद्धा नव्हती. तिनं भोकाला डोळा लावला. कॉर्क, खुर्ची, बटण. कोपऱ्यात काळी मखमल. बस्स.

"कुठली बाई?"

"ती काय, खुर्चीच्या मागे. भिंतीकडे तोंड करून बसलीय. मान खाली घातलीय बिचारीनं."

टाचणीनं छत काढून कोपऱ्यात बोट फिरवलं. मखमल होती, दुसरं काही नाही. पण बोट बाहेर काढलं तर ते गार पडलं होतं... आणि मॉडेल तर तासभर उन्हात होतं.

तिनं मनावर घेतलं नाही. घेईल कशाला? आईला दोन वर्षांनी दिसत होतं. त्यापुढे एक बाई जास्त दिसली तर काय बिघडलं?

दुसऱ्या दिवसापासून नेमच झाला. पावणेबाराला मावशी टेबलाशी हजर. बारा ते साडेबारा डोळा भोकाला. टाचणी आत नवनव्या वस्तू ठेवायची. छापील कागदाचा तुकडा, रंगीत दोरे, फुलाची पाकळी. मावशी सगळं अचूक सांगायची. आणि रोज एकदा त्या बाईचं काहीतरी निघायचंच.

"आज पाय सोडून बसलीय."

"आज मान वर केलीय गं."

पाचव्या दिवशी म्हणाली, "आज जराशी वळलीय. गाल दिसतोय."

त्याच दिवशी मावशीच्या हातून पाण्याचा पेला पडला. टेबलाच्या कडेवर ठेवायला गेली आणि कडाच तिथे नव्हती. संध्याकाळी ती आतल्या दाराच्या चौकटीवर आपटली, कपाळाला टेंगूळ आलं. तोवर कडेचं तर तिला दिसत होतं. चौकटी, कडा, कोपरे यांच्यावरच ती घरभर वावरायची.

आता कडाही जायला लागल्या होत्या.

टाचणी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं, जुने कागद काढून बघितले. "इतक्या लवकर व्हायला नको होतं," म्हणाले. टाचणीनं भीत भीत विचारलं, डोळ्याला ताण दिला तर असं होतं का? "बघितल्यानं डोळा बिघडत नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर जिन्यात टाचणीनं माझा दंड धरला. "दादा, ती आत जेवढं बघते ना, तेवढं बाहेरचं कमी होतंय."

"काहीतरीच बोलू नकोस," म्हणत मी तिला वेड्यात काढलं. माझ्या आयुष्यात मी बरीच मूर्खपणाची वाक्यं बोललोय, त्यातलं हे पहिलं धरा.

पुढे काय झालं ते ऐका. कॉलेजात मॅडमनी पांढऱ्या खोलीचा फोटो मागितला. नाही म्हटल्यावर चांगलीच खरडपट्टी काढली. "मखमल काढ, कोपरा पांढरा कर आणि उद्या फोटो आण."

टाचणीनं मखमल सोलून काढली. खालचा बोर्डही बदलला, कोरा पांढराशुभ्र तुकडा लावला. खुर्ची, कॉर्क, बटर पेपर, सगळं काढलं. दुपारी बारा वाजता मोबाइलचा कॅमेरा भोकाला लावला.

खोली पांढरी...

भिंती पांढऱ्या...

आणि कोपरा काळाच.

तिनं टॉर्च मारला. टॉर्चचा गोल भिंतीवरून सरकत गेला आणि कोपऱ्याशी आल्यावर दिसेनासा झाला. कॉलेजातून उजेड मोजायचं यंत्र आणलं होतं, ते आत सरकवलं. खिडकीपाशी आकडा मोठा. मध्ये त्याहून कमी. कोपऱ्यात शून्य. छत पूर्ण काढून वरून सरळ ऊन पाडलं, तरी शून्य.

साडेबारा वाजले आणि कोपरा हळूहळू पांढरा झाला. ओला कपडा वाळावा तसा, कडेकडून.

तेच मॉडेल कॉलेजच्या स्टुडिओत नेलं तर ट्यूबच्या उजेडात कोपरा स्वच्छ पांढरा. मॅडम म्हणाल्या, "जागरणं कमी कर." ती मॉडेल परत घरी घेऊन आली.

त्या रात्री टाचणीनं आईला सांगून टाकलं. "आई, आता ते बघायचं नाही."

मावशी पलंगावर बसली होती.

"का गं?"

"तुझी नजर जातेय त्यानं."

"नजर अशीही जाणारच आहे, बाळा. आज ना उद्या. तेवढा अर्धा तास तरी मी माणसात असते." मग मावशी तिच्या दिशेनं अंदाजानं हात पुढे करत म्हणाली, "मी तुला कधी काही मागितलंय का? माझ्यापासून तेवढं नको गं काढून घेऊस."

सांगा, अशा वेळी पोरीनं काय करावं? दिलं तर आईचे डोळे जातात. नाही दिलं तर आईच्या डोळ्यांतलं शेवटचं सुख जातं. टाचणी मला म्हणाली, "दादा, हो म्हटलं असतं तरी मीच तिला मारलं असतं आणि नाही म्हटलं तरी."

ती नाही म्हणाली. सकाळी मॉडेल उचलून कॉलेजच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं.

दुपारी घरी आली तेव्हा सव्वाबारा झाले होते.

मावशी टेबलाशी वाकून बसली होती. डावा डोळा जवळजवळ मिटलेला, जणू भोकाला लावलाय. टेबल रिकामं होतं.

"बरं झालं परत आणलंस," मावशी हसून म्हणाली. "आज अर्धी वळलीय बघ. नाक सरळ आहे हो बाईचं."

टाचणीच्या हातातली पिशवी गळून पडली.

आता एकच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मॉडेल घरी आणलं. आईला आतल्या खोलीत निजवलं, दार लावून घेतलं. बारा वाजता कोपरा काळा झाल्याची खात्री केली आणि कटर हातात घेतला.

आधी छत उचललं. तुकडे तुकडे केले.

बंद दारामागून मावशीचा आनंदानं फुटलेला आवाज आला. "अगं बाई! केवढा उजेड आला गं!"

टाचणीचा हात थांबला...

हेच तिनं मला नंतर दहा वेळा सांगितलं. दादा, मी तिथेच थांबायला हवं होतं. आई हसत होती, दादा.

पण ती थांबली नाही. खिडकीची भिंत कापली. मग भोकाची भिंत.

"टाचणे, भिंती कोण काढतंय? सगळं मोकळं मोकळं दिसतंय मला!"

उरला कोपरा. दोन भिंती, एकमेकींना चिकटलेल्या. उघड्या टेबलावर, खिडकीतल्या उन्हात आणि तरीही मधोमध काळ्या. टाचणीनं डोळे मिटले आणि सांध्यावर कटर ओढला.

भिंती दोन बाजूंना पडल्या. दोन्ही पांढऱ्या. काळं कुठेच नव्हतं.

आतून आवाज येईना.

तिनं दार उघडलं. मावशी पलंगावर ताठ बसली होती.

"ती उठली गं," मावशी म्हणाली. "उठली आणि... बाहेर आली."

"कुठे आहे?"

मावशीनं तिच्या दिशेला तोंड फिरवलं. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, पलंगावर ऊन पडलं होतं.

"तू दिवा का गं घालवलास?"

त्या दिवसापासून मावशीची नजर पूर्ण गेली. डॉक्टरांनी डोळ्यात प्रखर उजेड टाकून बघितला, बाहुली आकसलीसुद्धा नाही. टाचणी त्या वर्षी परीक्षेला बसली नाही. मॉडेलचे तुकडे तिनं स्वतः नेऊन कचरा जाळायच्या भट्टीत टाकले. तुकड्यांनी काही आवाज केला नाही, धूर वेगळा आला नाही. साधे पुठ्ठे जळतात तसे जळले.

मला वाटलं, संपलं एकदाचं.

दीड महिन्यानं मी मावशीची गोळ्यांची पाकिटं द्यायला गेलो. दुकानाची जेवणाची सुट्टी होती, बारा नुकतेच वाजून गेले होते. टाचणी स्वयंपाकघरात होती. मावशी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, समोर एक रिकामं स्टूल. आणि ती गप्पा मारत होती. चेहरा असा फुललेला की मला क्षणभर बरंच वाटलं.

"केस कापलेस होय? छान दिसतायत. पण वाळलीस किती, खातेस की नाही नीट?"

रिकाम्या स्टुलाशी.

"मावशी," मी म्हटलं, "कुणाशी बोलतेस?"

"ये रे ये. कुणाशी म्हणजे? आपल्या टाचणीशी. दिसतेय मला! रोज दुपारी एवढा वेळ दिसते. अख्खं तोंड दिसतं रे, दोन वर्षांनी." तिच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

स्वयंपाकघराच्या दारात टाचणी येऊन उभी राहिली. केस कापलेली. वाळलेली.

"आई," ती म्हणाली, "मी इथे आहे."

मावशीचं हसू थांबलं. तिनं स्टुलाकडे बघितलं. मग मान थोडी कलती करून आवाजाकडे कान दिला.

"अगं, तू तर ही माझ्यासमोर बसलीयस... मग आवाज मागून कसा येतोय?"

टाचणी धावत पुढे आली आणि त्या स्टुलावर बसली. आईचे दोन्ही हात धरले. "ही बघ. मीच आहे. हात लाव ना आई."

मावशी किंचाळली. तशी किंचाळी मी जन्मात ऐकली नाही. हात झटकून ती खुर्चीसकट मागे सरकली.

"कोण आहे? ऊठ! ऊठ तिच्या अंगावरून! माझ्या पोरीला चिरडू नका हो कुणी!"

टाचणी उठली. दुसरं काय करणार?

मावशी हळूहळू शांत झाली. पुन्हा समोर बघून हसली, हवेत हात फिरवून कुणाचा तरी गाल कुरवाळला. तो हात बरोबर एका गालाच्या उंचीवर वळत होता. मी पाहिलं.

आता बारा ते साडेबारा टाचणी घरात बोलत नाही. चालताना पायही वाजू देत नाही, कारण आई घाबरते. बाकीच्या वेळी सगळं ठीक असतं म्हणे. मी अजून जातो, पण पंधरा दिवसांतून एकदा, आणि खरं सांगायचं तर बाराच्या आत निघतो.

गेल्या खेपेला उशीर झाला. निघता निघता मावशीनं माझी बाही ओढली आणि कानाशी कुजबुजली.

"एक सांगू? कुणाला बोलू नकोस. या घरात काहीतरी आहे रे. दिसत नाही, पण सारखं माझ्या मागे असतं. माझ्या पोरीचा आवाज काढतं आणि मला आई म्हणतं."

टाचणी दारातच उभी होती, वाजू नयेत म्हणून चपला हातात धरून. तिनं ते ऐकलं.